अर्धवट दातांचा करार

माझी बायको बसस्थानकावर घोषणा करते. सव्वीस वर्षं झाली. शहरातल्या निम्म्या लोकांनी तिला कधी पाहिलेलं नाही, पण आवाज सगळे ओळखतात. बाजारात तिनं 'अर्धा किलो द्या' म्हटलं, की शेजारची बाई आपसूक पिशवी उचलते, गाडी लागली की काय म्हणून.

मी तसबिरींच्या चौकटी करणारा माणूस. काच कापताना श्वास रोखायची सवय लागली, ती इतर वेळीही सुटली नाही. बँकेत गेलो तरी मी श्वास रोखूनच उभा असतो. तिचं उलट. ती कुठल्याही खिडकीसमोर अशी उभी राहते, की आतल्या माणसाला वाटावं आपणच काहीतरी मागायला आलोय.

एका सकाळी घोषणांच्या खोलीचा लोखंडी जिना कुणीतरी नुकताच पुसलेला होता. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय सटकला आणि तोंड कठड्यावर आदळलं. वरचे समोरचे चार दात जागच्या जागी गेले, दोन खिळखिळे झाले. ओठाला टाके पडले. आठवड्याभरानं सूज उतरली आणि ती कामावर गेली. माइक सुरू करून पहिलीच घोषणा केली, "थतरा नंबरची बथ थहा वाजता थुटेल."

स्थानकावर हशा पिकला. दुष्टपणानं नव्हे, पण पिकला. तिनं शांतपणे तेच वाक्य परत म्हणून पाहिलं, परत तसंच आलं. दुपारी स्थानकप्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं, "ताई, दातांचं होईपर्यंत तुम्ही हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसा. जागा तुमचीच आहे, पण लवकर काय ते करा."

घरी येऊन ती आरशासमोर उभी राहिली. बाराखडी म्हणून पाहिली. मी दाराशी उभा होतो.

"अहो, फक्त स आणि च़ गेलेत," ती म्हणाली. "बाकी सगळी मंडळी जागेवर आहेत."

हे आणि यापुढचं तिचं बोलणं मी स घालूनच सांगतो. नाहीतर तुम्हाला वाचायला त्रास होईल, आणि तिला कळलं तर मला.

दातांचा एक नवा दवाखाना मुख्य रस्त्यावर होता. काचेचं दार, पांढरे सोफे, भिंतीवर हसणाऱ्या लोकांचे हे एवढाले फोटो. त्या फोटोंच्या चौकटी अगदी हलक्या प्रतीच्या होत्या, कोपऱ्यात सांधे उघडे पडलेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण आपल्या धंद्याच्या नजरेनं जगाकडे बघू नये असं मी स्वतःला समजावलं.

डॉक्टरांनी तपासलं. खिळखिळे दोन दातही काढावे लागतील, वरच्या जबड्यात सहा स्क्रू बसवायचे, ते हाडात मुरले की त्यांच्यावर कायमचे दात. तीन टप्प्यांत काम, दर टप्प्याला दोन स्क्रू. मधल्या काळासाठी एक तात्पुरती कवळी. रक्कम ऐकून माझं पाणी पाणी झालं. तेवढ्यात एक मुलगी हातात फॉर्म घेऊन आली, दवाखान्याचाच गणवेश घातलेली.

"काका, आज खिशातून काही द्यायचं नाहीये. कर्ज देणारी कंपनी आमच्याशी जोडलेली आहे. चोवीस हप्ते. इथेच सही करा, कंपनी पैसे थेट आम्हाला देते. तुम्ही सहकर्जदार म्हणून इथे, आणि मॅडम इथे."

मी पेन उघडलं. बायकोनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि करार वाचायला घेतला. मोठ्यानं. तिला मनात वाचताच येत नाही. सव्वीस वर्षं कागद हातात आला की तोंडातून बाहेर पडायचा, एवढंच तिला ठाऊक. अकरा पानं होती. सोफ्यावरचे पेशंट आधी एकमेकांकडे बघायला लागले, मग ऐकायला लागले. एक आजोबा तर म्हणाले, "बाई, ते दंडाचं परत वाचा, माझ्याही करारात असेल."

नवव्या पानावर ती थांबली. तिथे लिहिलं होतं की दवाखान्यानं सेवा दिली नाही किंवा अर्धवट दिली, तर ग्राहकानं कंपनीला लेखी कळवावं. कंपनी चौकशी करील आणि न मिळालेल्या सेवेपुरती वसुली थांबवील.

"हे चांगलं आहे," ती त्या मुलीला म्हणाली. "पण न मिळालेली सेवा ठरवणार कशावरून? कुठल्या तारखेला कुठला टप्पा, किती स्क्रू, हे एका कागदावर लिहा आणि कराराला जोडा."

"त्याची गरज नसते, मॅडम."

"तुम्हाला नसेल. मला आहे."

मुलीनं डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर वैतागले, पण कागद झाला. कंपनीचा शिक्काही त्या मुलीकडेच होता, तो बसला. बायकोनं सगळ्या पानांची प्रत मागून घेतली आणि मग सही केली. मला लाज वाटत होती. तिथे सगळे पटापट सह्या करून मोकळे होत होते, आणि आम्ही पाऊण तास जागा अडवून बसलो होतो.

पहिला टप्पा व्यवस्थित झाला. दोन दात निघाले, दोन स्क्रू बसले, कवळीचं माप घेतलं गेलं. तीन आठवड्यांनी आम्ही कवळी आणायला गेलो तर काचेच्या दाराला शटर, शटरला कुलूप. एक कागद डकवलेला: नूतनीकरणासाठी बंद. फोन लागत नव्हता. शेजारच्या चष्म्याच्या दुकानदारानं सांगितलं, "नूतनीकरण कसलं! चार दिवसांपूर्वी खुर्च्या ट्रकात घालून गेले. सोफे पण नेले."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बायको मात्र तो कागद वाचत होती, अर्थातच मोठ्यानं. मग तिनं पर्समधून वही काढली, एक पान फाडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'ज्यांच्या दातांचं काम अर्धवट राहिलं आहे त्यांनी रविवारी अकरा वाजता चौकटीवाल्यांच्या दुकानात यावं. येताना कराराची प्रत आणावी.' खाली माझ्या दुकानाचा पत्ता.

"अगं, माझ्या दुकानात?" मी म्हणालो.

"मग कुठे? आपल्या घरात खुर्च्या चारच आहेत."

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला फोन केला. मी शेजारी बसून ऐकत होतो. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता, पण त्याचं एकच पालुपद होतं: दवाखाना वेगळा, आम्ही वेगळे; तुमचं जे काही असेल ते दवाखान्याशी; हप्ते चालूच राहतील.

"मग तुमचा फॉर्म दवाखान्याच्या टेबलावर काय करत होता?" तिनं विचारलं.

"मॅडम, तुमचा आवाज नीट येत नाहीये. काय म्हणालात?"

"दात नाहीत म्हणून येत नाहीये. त्याच दातांबद्दल बोलतेय."

फोनवर काही व्हायचं नाही हे तिनं ओळखलं. त्या आठवड्यात तिनं शांतपणे चार कामं केली. जुन्या वस्तीत एक म्हाताऱ्या दंतवैद्य बाई आहेत, त्यांच्याकडून तपासून घेतलं. त्यांनी एक्स-रे काढून लिहून दिलं की सहापैकी दोनच स्क्रू बसलेले आहेत, ते ठीक आहेत, बाकी काम झालेलं नाही. हिरडी भरेपर्यंत वर काही दाबून बसवू नका, असंही बजावलं. मग तिनं बंद शटरचा तारीख दिसेल असा फोटो काढला. तिसरं, कंपनीला पत्र लिहिलं: नवव्या पानावरच्या अटीप्रमाणे कळवते की सेवा अर्धवट मिळाली, झालेल्या कामाचे पैसे मी देणार आहे, न झालेल्या कामाची वसुली थांबवा. चौथं, ते पत्र स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली.

"झालेल्या कामाचे तरी का द्यायचे?" मी विचारलं. "त्यांनी फसवलं ना?"

"स्क्रू माझ्या तोंडात आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग त्यांचे पैसे द्यायचे. अहो, आपली बाजू स्वच्छ असली की बोलताना अडखळायला होत नाही."

रविवारी दुकानात सात माणसं आली. रिकाम्या चौकटी भिंतीला टेकवून मी बाकं मांडली होती. आलेल्यांतला एक क्लॅरिनेट वाजवणारा होता, पन्नाशीचा, उंच, पडलेल्या खांद्यांचा. समोरचे दात नाहीत म्हटल्यावर त्याला तोंडात वाद्यच धरता येईना. वाद्यवृंदानं त्याला पुढच्या कार्यक्रमातून वगळलं होतं. सातही जण एकमेकांशी तोंडावर हात ठेवून बोलत होते. बायको हात न ठेवता बोलली, तेव्हा हळूहळू सगळ्यांचे हात खाली आले.

करार सगळ्यांचा तोच होता. नववं पान कुणीच वाचलेलं नव्हतं. टप्प्यांचा कागद फक्त आमच्याकडे होता. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "माझ्याकडे काहीच लेखी नाही. माझं कसं व्हायचं?"

"तुम्हाला भेटीची तारीख कळवणारे निरोप फोनवर आले असतील."

"आले होते की. 'दुसऱ्या टप्प्यासाठी यावे' म्हणून."

"म्हणजे दुसरा टप्पा बाकी आहे, हे त्यांनीच लिहून दिलंय. फोन जपा."

त्याचा चेहरा त्या क्षणी उजळला. मी ते पाहिलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की यातून काहीतरी निघेल.

पण कंपनीनं पत्राला उत्तर दिलं नाही. तिनं दोन स्क्रूंच्या हिशेबानं ठरणारे हप्ते एकदम भरले आणि पुढचा थांबवला. लगेच दंड लागला. फोन सुरू झाले, दिवसाला आठ-दहा. ती सामानाच्या खिडकीवर असायची, फोन घेऊन म्हणायची, "माझ्या पत्राचा क्रमांक लिहून घ्या, उत्तर लेखी द्या," आणि ठेवून द्यायची. तिला ते कावळ्याच्या ओरडण्याइतकंच लागत होतं. मला मात्र जेवण जाईना.

आता जे सांगतो ते माझ्या चुकीचं आहे.

एका दुपारी दुकानात एक तरुण माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. मला वाटलं फोटोला चौकट हवी असेल. त्यानं खुर्ची ओढून घेतली, पाणी मागितलं, दुकानाचं कौतुक केलं. मग म्हणाला, "काका, मी कंपनीकडून आलोय. तुम्ही सहकर्जदार आहात. उद्या तुमच्या नावावर शेरा बसला तर दुकानासाठी कुठेच कर्ज मिळणार नाही. मॅडमचा स्वभाव जरा तापट दिसतो. पण तुम्ही समजूतदार आहात. मी साहेबांशी बोलून मार्ग काढलाय. हप्ता निम्मा होईल, दंड माफ. फक्त इथे सही."

मी विचारलं, "तिला विचारून सांगू का?"

"विचारा ना. पण ही सवलत आजच्यापुरतीच आहे."

त्यानं आवाज चढवला नाही. दमदाटी केली असती तर कदाचित मी हट्टाला पेटलो असतो. तो समजुतीनं बोलला आणि मी विरघळलो. निम्मा हप्ता, दंड माफ. मला वाटलं, बायकोच्या डोक्याचा ताप मी परस्पर मिटवून टाकला. सही केली. तो कागद घेऊन गेला. दार बंद झालं तेव्हा लक्षात आलं, मी त्या कागदातली एक ओळही वाचली नव्हती.

संध्याकाळी ती आली. चहात बिस्किट बुडवून खात होती, तेव्हा सांगितलं.

तिनं बिस्किट तसंच कपात सोडलं. "वाचलंत?"

"नाही."

"प्रत दिली त्यानं?"

"नाही."

तिनं कप उचलून मोरीत ठेवला. खिडकीशी जाऊन उभी राहिली. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तिच्या गप्प राहण्याची मला सवय नाही. ती चिडली की बोलते, आणि मला ते बरं वाटतं. त्या संध्याकाळी घरात नुसता घड्याळाचा आवाज होता.

सकाळी ती म्हणाली, "मला राग सहीचा नाही आला. मी तापट आहे असं तो म्हणाला, आणि तुम्ही ते मान्य केलंत, त्याचा आला."

"मी मान्य नाही केलं. मी फक्त काही बोललो नाही."

"तेच."

 मी मान खाली घालून उभा होतो. तिनं वही पुढे सरकवली.

"लिहा. पण तुमच्या शब्दांत, मी सांगणार नाही. काय झालं ते सगळं लिहा. कोण आला, काय म्हणाला, वाचायला वेळ दिला नाही, प्रत दिली नाही. मूळ कर्ज दोघांचं, नव्या कागदावर सही एकट्याची. सही मागे घेतो म्हणा. आणि तुम्हीच जाऊन द्या. मला रजा नाही."

रजा नव्हती हे खोटं होतं. मला ते कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं.

कंपनीची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीवरच्या बाईंनी पत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. मी पोच मागितली. "पोच मिळत नाही," त्या म्हणाल्या. "सही केलेल्या कराराची प्रत द्या," मी म्हणालो. "ती पोस्टानं येईल."  एरवी मी 'बरं' म्हणून जिना उतरलो असतो. पण घरी जाऊन तिला काय सांगणार होतो? मी म्हणालो, "मग मी बसतो."

"कुठे?"

"इथेच. पोच मिळेपर्यंत."

आणि मी खुर्चीवर बसलो. एक तास गेला. लोक आले, गेले. मी कुणाच्या वाटेत नव्हतो, पण सगळ्यांना दिसत होतो. दुसऱ्या तासाला एका गृहस्थानं विचारलं, "तुम्ही कशासाठी थांबलाय?" मी सांगितलं, आधी पुटपुटत, मग जरा मोठ्यानं. त्याच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "मलाही पोच नव्हती दिली हो." आतून एक साहेब बाहेर आले. त्यांनी पत्रावर शिक्का मारला, तारीख घातली, आणि नव्या कराराची छायाप्रत माझ्या हातात ठेवली. चेहरा असा, की जणू मी त्यांची किडनी मागितली होती.

जिन्यातच वाचलं. मोठ्यानं वाचलं, मला ती सवय कधी लागली कोण जाणे. हप्ता निम्मा होता, पण मुदत अडीचपट. आणि शेवटून दुसरी ओळ: 'दवाखान्याच्या सेवेबाबत ग्राहकाची कोणतीही तक्रार उरलेली नाही.'

तिनं ती ओळ वाचली आणि पहिल्यांदा मोकळेपणी हसली, हिरड्यांसकट. "अहो, तुम्ही आपल्याला फार मोठी मदत केलीत! तक्रार उरली नाही असं यांना लिहून घ्यावंसं वाटलं. म्हणजे तक्रारीत दम आहे, हे त्यांना ठाऊक आहे."

आठही जणांच्या तक्रारी एका दिवशी ग्राहक तक्रार कार्यालयात दाखल झाल्या. वकील केला नाही. दोन महिन्यांनी सुनावणी लागली. साधीच खोली होती, एक लांब टेबल, पंखा, भिंतीवर कॅलेंडर. टेबलामागे अध्यक्ष बाई, केस आखूड कापलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. कंपनीचे वकील काळ्या बॅगेतून जाडजूड गठ्ठा काढून बसले होते.

त्यांचं म्हणणं सुटसुटीत होतं. कंपनीनं कर्ज दिलं, पैसे दिले, तिचं काम संपलं. दवाखान्यानं काय केलं किंवा केलं नाही, याच्याशी कंपनीचा संबंध नाही. शिवाय सहकर्जदारानं नव्या करारावर सही करून तक्रार सोडून दिलेली आहे. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही.

बायको उठली. "मी थोडं बोबडं बोलते," तिनं अध्यक्ष बाईंना सांगितलं. "तेच तक्रारीचं कारण आहे, म्हणून सांभाळून घ्या. आधी मी नववं पान वाचते."

आणि तिनं वाचलं. घाई न करता, प्रत्येक शब्द सुटा. स तिला जमत नव्हता, पण ज्या आवाजानं सव्वीस वर्षं हजारो माणसांना आपापल्या गाडीपाशी नेऊन पोचवलं तो आवाज त्या खोलीत भरून राहिला. टंकलेखक टाइप करायचं सोडून ऐकत होता. कुणी हसलं नाही.

मग तिनं वकिलांना विचारलं, "संबंध नाही म्हणता, तर ही अट तुमच्या करारात कुणी घातली?"

"ती एक सर्वसाधारण अट आहे."

"मी ती वाचून सही केली. माझ्यासाठी ती सर्वसाधारण नाही. आता दुसरं. टप्पे तीन होते. तुम्ही दवाखान्याला पैसे किती टप्प्यांत दिले?"

वकिलांनी कागद चाळले. अध्यक्ष बाई वाट बघत राहिल्या. "एकरकमी," ते शेवटी म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"टप्प्यांचा कागद कराराला जोडलेला होता, तरी?"

"तो आमच्यापर्यंत पोचला नसावा."

"त्याच्यावर तुमचा शिक्का आहे," अध्यक्ष बाई म्हणाल्या. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "आणि तुमचा प्रतिनिधी ग्राहकाच्या दुकानात गेला, तो या बाईंना भेटायला का नाही गेला? मूळ कर्जदार तर त्या."

वकील म्हणाले की त्याबद्दल माहिती घेऊन सांगतो. ती माहिती त्यांनी नंतर कधीच दिली नाही.

मग मला बोलावलं. अध्यक्ष बाईंनी विचारलं, सही दबावाखाली केली का? मी म्हणालो, "नाही. दबाव नव्हता. तो गोड बोलला आणि मी न वाचता केली. चूक माझी आहे. पण चूक लक्षात आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सही मागे घेतली, त्याची ही पोच." कागद पुढे केला. खाली बसलो तेव्हा लक्षात आलं की बोलताना मी श्वास रोखला नव्हता.

क्लॅरिनेटवाल्यानं फोनवरचे निरोप दाखवले. बाकीच्यांनी आपापलं सांगितलं. दुपारी दोनपर्यंत सगळं आटोपलं.

बसमधून परत येताना मी तिला विचारलं, "तुला भीती कशी वाटत नाही गं?"

"वाटते ना," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पहिल्या दिवशी माइकसमोर बसवलं होतं तेव्हा तोंड उघडेना, दातखीळ बसली होती. शेवटी समोरचा कागद वाचायला सुरुवात केली. कागद हातात असला की मी घाबरायचं विसरते. तेवढीच माझी युक्ती."

तीन आठवड्यांनी निकाल आला. न झालेल्या कामाचं कर्ज रद्द. झालेल्या दोन स्क्रूंचे पैसे आम्ही भरलेलेच होते, त्यापेक्षा थोडे जास्तच. तो फरक परत. दंड रद्द, नावावरचा शेरा पुसायचा, मी सही केलेला कागद बाद. दवाखान्याला एकरकमी दिलेले पैसे कंपनीनं दवाखान्याकडून वसूल करावेत, ग्राहकाकडून नव्हे. आठांपैकी सात जणांना असाच निकाल मिळाला. आठव्या बाईंनी सुनावणीआधीच तशाच अडीचपट मुदतीच्या कागदावर सही करून, वर तक्रारही मागे घेतली होती. त्यांचं काही करता आलं नाही. बायकोला ते फार लागलं. ती त्यांच्या घरी दोनदा जाऊन आली, पण बाई म्हणाल्या, "जाऊ दे हो, मला आता शांतता हवी आहे."

उरलेले स्क्रू त्या म्हाताऱ्या दंतवैद्य बाईंनी बसवले. तेही उधारीवरच. मी दचकलो होतो, पण बायको म्हणाली, "उधारीनं काय घोडं मारलंय? उधारी नसती तर माझ्या तोंडात दोन स्क्रूसुद्धा नसते." फक्त या वेळी टप्पा झाला की त्याचे पैसे, असं लिहून घेतलं. आठ महिन्यांत दात पूर्ण झाले आणि ती पुन्हा माइकवर बसली. क्लॅरिनेटवाल्याला जरा जास्त वेळ लागला, पण तोही वाजवायला लागलाय.

आता राहिलं माझं. निकालानंतरच्या सोमवारी मी दुकान झाडत होतो. मागच्या फळीवर एक मोठी गुंडाळी दिसली. एका शाळेतल्या शिक्षिकेनं आपल्या वडिलांनी काढलेलं नदीचं चित्र चौकटीसाठी दिलं होतं. आगाऊ पैसेही दिले होते. मला हवं तसं लाकूड मिळेना, म्हणून मी 'पुढच्या आठवड्यात' म्हणत गेलो. त्या चार वेळा येऊन गेल्या, मग यायच्या थांबल्या. सव्वा वर्ष झालं होतं. मी पावतीही दिलेली नव्हती.

गुंडाळी उलगडून मी बराच वेळ बघत बसलो. मग शटर अर्धं ओढलं आणि कामाला लागलो. दोन दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. चित्र काखोटीला मारून त्यांचं घर शोधत गेलो. त्यांनी दार उघडलं आणि मला ओळखायलाच त्यांना एक क्षण लागला.

"मी मनातून सोडून दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सोडायला नको होतं," मी म्हणालो. "उशिराबद्दल आगाऊतले निम्मे परत आणलेत. आणि ही पावती. चौकट कुठे सैल झाली तर वर्षभर दुरुस्ती फुकट, असं त्यात लिहिलंय. एकदा वाचून घ्या."

त्यांनी मला आत बोलावलं, पावती उजेडात धरली आणि चष्मा शोधू लागल्या. मी खिळा ठोकायला भिंतीवरची जागा बघत उभा राहिलो.